झिजलेल्या कमानीचा इतिहास



यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा शोधकापासून आरंभ करतात आणि कारखान्याच्या दाराशी थांबतात. यंत्र दाराबाहेर पडून झिजू लागले, की पुढची हकीकत ड्रायव्हरच्या कानात आणि फिटरच्या बोटांत राहते. ती कागदावर क्वचितच उतरते. आज जीपगाडीच्या निमित्ताने त्या हकीकतीचा थोडा भाग आपल्यापुढे मांडावा, असे योजिले आहे. जीप ही रस्ता सोडून जाण्यासाठीच जन्मली; आणि रस्ता सोडणाऱ्या गाडीचा सगळा मार कमानींवर पडतो.

कमान जीपपेक्षा पुष्कळ जुनी. लंडनच्या ओबादाया इलियट याने १८०४ साली घोडागाडीच्या लंबगोल कमानीचे पेटंट घेतले. पोलादी पाटे एकावर एक रचून मधोमध आवळायचे. वरचा मुख्य पाटा सर्वांत लांब, त्याच्या टोकांना डोळे. खालचे पाटे क्रमाने आखूड. धक्का बसला की पाटे वाकतात, एकमेकांवर घसरतात, आणि त्या घासण्यात धक्क्याचा बराच जोर जिरतो. म्हणजे घासणे हेच कमानीचे काम, आणि झीज ही त्या कामाची किंमत. वाकताना पाटा लांबतो, म्हणून त्याचे एक टोक चौकटीला पक्के जखडतात व दुसरे झुलत्या शॅकलला टांगतात. या सांध्यांत बुश असतात, आणि सर्वांआधी झिजतात ते हे बुशच.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीसाठी १३५ कारखानदारांना पत्रे धाडली. नमुन्यासाठी मुदत दिली अवघी ४९ दिवसांची. बँटम या लहानशा कंपनीने २३ सप्टेंबर १९४० रोजी नमुना हजर केला. पुढे मोठी कामे विलीज व फोर्ड यांच्याकडे गेली, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपगाड्या बाहेर पडल्या. पुढे व मागे साध्या पाट्यांच्याच कमानी ठेवल्या होत्या. विलीजचे आणि फोर्डचे भाग एकमेकांना बसत. फोर्ड आपल्या भागांवर ‘एफ’ अक्षर उमटवी. एका मोडक्या गाडीचा शॅकल काढून दुसरी उभी करता येई, ती या सोयीमुळे.

या दोन्ही गाड्यांसाठी सैन्याने फेब्रुवारी १९४४ मध्ये एक सामाईक पुस्तिका काढली. गाडी काढण्यापूर्वी, चालवताना, वाटेतल्या मुक्कामात आणि परतल्यावर काय काय पाहायचे, हे तीत ठरवून दिले आहे. चालवणाऱ्याच्या डोळ्याकानांना त्या पुस्तिकेने नेमून दिलेल्या कामाचा दर्जा दिला, आणि त्याच्या आवाक्याबाहेरचे काम मागच्या दुरुस्ती-पथकांकडे सोपवले. पाहणे हे काम आहे आणि त्याला वेळ लागतो, हे तिथे मान्य झाले होते.

हे मान्य न झाले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले. १९४८ साली काश्मीरमध्ये लढाई चालू असता लंडनमधील भारतीय हाय कमिशनमार्फत सैन्यासाठी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा करार झाला. आल्या त्या १५५ गाड्या, आणि त्याही सैन्याच्या उपयोगाच्या नाहीत असे ठरले. संसदेत प्रकरण गाजले. १९५५ साली सरकारने ते मिटल्याचे जाहीर केले. राजकारणाची बाजू थोरांनी पुष्कळ चर्चिली आहे. मला एवढेच सांगावयाचे आहे की, जुन्या गाडीवर रंग चढला म्हणजे तिची झीज जात नाही, आणि ती ओळखणारा माणूस माल बंदरात उतरल्यावर नव्हे, जहाजात चढण्यापूर्वी लागतो. मुंबईत माझगाव येथे महिंद्रांनी १९४९ मध्ये जीपची जुळणी सुरू केली. त्यानंतर शेत, जंगल, पाटबंधारे, पोलीस अशा सर्व खात्यांत ही गाडी पसरली आणि ती ओळखणारे हातही गावोगाव तयार झाले.

हे हात काय पाहतात? सपाट जागी गाडी उभी करून चौकटीची उंची दोन्ही अंगांनी मापतात. एक अंग खाली असेल तर कमान बसली आहे. पाट्यांमधून तांबूस गंज ओघळला असेल तर तिथे चीर शोधतात; पाटा बहुधा मधल्या बोल्टाच्या भोकाशी किंवा डोळ्याशी तुटतो. पहार घालून शॅकल हलवतात. खडखडला तर बुश गेला. ओल्या चाकांनी गाडी कोरड्या रस्त्यावर सरळ नेतात आणि उमटलेले माग पाहतात. मागचा माग पुढच्याच्या एका बाजूला पडला, तर मधला बोल्ट तुटून आख सरकल्याचा संशय धरावा. कोपरा दाबून सोडला आणि गाडी डुलतच राहिली, किंवा शॉक अॅब्झॉर्बरवर तेल पाझरले असेल, तर तो निकामी समजावा.

बदलण्याची रीतही अनुभवाने घडली आहे. चाकांना ठोकळे लावावे. गाडी जॅकने उचलून चौकटीखाली घोड्या द्याव्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, यात प्राण गेले आहेत. आखाचा भार जॅकवर तोलून यू-बोल्ट सोडवावे. युद्धकाळच्या जीपला आट्यांचे शॅकल असत आणि त्यांतील काही डाव्या आट्यांचे. ओळखीसाठी त्यांवर लहानसा उंचवटा असे. तो न पाहता जोर लावणारा आटेच खाऊन टाकी. कमान बदलायची ती जोडीने, नाहीतर नवी व जुनी मिळून गाडी तिरकी उभी राहते. आट्यांच्या बुशांना ग्रीस हवे. रबरी बुशांना तेल-ग्रीस लावू नये, आणि त्यांचे बोल्ट गाडीचा भार कमानीवर आल्यावरच शेवटचे आवळावे, नाहीतर रबर पिळून फाटते. यू-बोल्टही थोडी धाव झाल्यावर पुन्हा आवळावे लागतात.

नव्या गाड्यांत गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, तरी मालमोटारींखाली पाट्यांच्या कमानी आजही आहेत. कामगार संघटनेत ड्रायव्हर-फिटरांची गाऱ्हाणी ऐकताना एक गोष्ट वारंवार पुढे येते. गाडी उलटली की पहिला प्रश्न ड्रायव्हरला विचारला जातो: वेग किती होता? शॅकल कधी बदलला होता, हा प्रश्न उशिरा येतो, पुष्कळदा येतच नाही. ड्रायव्हरने ‘पुढून आवाज येतो’ असे तोंडी सांगितलेले असते आणि ‘एवढी खेप मारून ये’ असे उत्तर मिळालेले असते. तोंडी सांगण्याला पुरावा नसतो.

म्हणून आपल्या गावच्या प्रत्येक गाडीखान्यात, मग तो नगरपालिकेचा असो वा खाजगी, तीन गोष्टी मागाव्यात. गाडी काढण्यापूर्वी पाहणीसाठी पगारी वेळ; ड्रायव्हरची तक्रार लिहून घेणारी आणि फिटरची सही असलेली वही; आणि दोष निघाला तर दुरुस्तीवाचून गाडी बाहेर न काढण्याचा अधिकार. शाळेच्या गाडीत आपली मुले बसतात आणि बाजाराच्या टेंपोसमोरून आपण रस्ता ओलांडतो, तेव्हा ही मागणी केवळ कामगारांची राहत नाही. ती आपण नागरिक म्हणून करावी, अशी माझी विनंती आहे.