स्वतःला मोजणारी भाषा

प्रोग्रॅम नीट चालतो का हे बघायला आपण चाचण्या लिहितो. पण त्या चाचण्यांमध्ये प्रोग्रॅमचा किती भाग खरोखर चालला, हे कसं कळणार? हा प्रश्न जुना आहे. १९६३ साली मिलर आणि मॅलोनी यांनी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात त्यावर पद्धतशीर लेख लिहिला. प्रोग्रॅमच्या सगळ्या वाटा चाचणीत चालून बघाव्यात, असा त्याचा रोख होता. आज आपण त्या मोजमापाला कव्हरेज म्हणतो.

आता हाच प्रश्न एखाद्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्वतःच्या कोडला विचारून बघा. उदाहरण पायथनचं घेऊ. १९९१ मध्ये गुइदो वान रॉसम यांनी ती प्रसिद्ध केली. तिची नेहमीची आवृत्ती दोन थरांची आहे: गाभा सी भाषेत आणि प्रमाण लायब्ररीचा मोठा भाग खुद्द पायथनमध्ये. त्यामुळे मोजपट्ट्याही दोन लागतात.

सी-थरासाठी जीसीसी या कंपायलरसोबत येणारं जीकॉव्ह वापरतात. कंपाइल करतानाच कोडमध्ये छोटे मोजणारे आकडे पेरले जातात आणि प्रोग्रॅम रीतसर संपताना ते फाइलमध्ये उतरतात. ‘रीतसर’ हा शब्द लक्षात ठेवा. पायथनच्या काही चाचण्या मुद्दाम प्रोग्रॅम कोसळवतात, कारण कोसळताना तो काय सांगतो हेच तपासायचं असतं. अशा वेळी ओळी चालतात, पण त्यांची नोंद राहत नाही.

पायथन-थरासाठी कव्हरेज डॉट पाय आहे. २००१ मध्ये गॅरेथ रीस यांनी ते लिहिलं आणि २००४ पासून नेड बॅचेल्डर ते सांभाळत आले आहेत. खरी गंमत इथे आहे. हे साधन स्वतःच पायथनमध्ये चालतं. म्हणजे ते जागं होईपर्यंत पायथन सुरू झालेलं असतं आणि लायब्ररीची कित्येक मॉड्यूल्स वाचून झालेली असतात. त्यातल्या फंक्शनांच्या व्याख्यांच्या ओळी चालून गेलेल्या, पण अहवालात त्या ‘न चाललेल्या’ दिसतात! यावर एक युक्ती निघाली. पायथन अगदी सुरुवातीला एन्कोडिंग्ज हे मॉड्यूल आणतं. मग त्याच नावाची एक फाइल वाटेत आधी ठेवायची. ती नोंद सुरू करते आणि मग खऱ्या मॉड्यूलला जागा देते.

दुसरी अडचण अशी. ओळींवर नजर ठेवायला सेटट्रेस नावाची सोय वापरत. पण त्या सोयीच्याही चाचण्या असतात ना! त्या आपला पहारेकरी बसवतात आणि मोजणाऱ्याचा पहारेकरी उठून जातो. २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत मॉनिटरिंगची नवी सोय आली, तिच्यात अनेक साधनं शेजारी-शेजारी नोंद ठेवू शकतात.

मग आकड्यावर विश्वास किती ठेवायचा? आकडा कमी दिसला तर आधी बघा, ओळ खरंच चालली नाही की फक्त नोंद हुकली. आकडा शंभर टक्के असला तरी हुरळून जाऊ नका. ओळ चालली याचा अर्थ उत्तर बरोबर आलं असा नव्हे. डाइकस्ट्रा यांनी १९६९ मध्येच बजावलं होतं, की चाचणीनं चूक सापडते, चूक नसल्याची हमी मिळत नाही. कव्हरेज आपल्याला न पाहिलेल्या जागा दाखवतं. तिथे जाऊन बघायचं काम मात्र माणसाचंच राहतं.