धोट्याची जात आणि लोकशाही

मुंबईच्या गिरण्यांत यंत्रे विलायतेतून आली, पण त्यांवर हात कुणी ठेवायचा हे जातीने ठरवले. विणकाम खात्यात पगार जास्त. तिथे धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. म्हणून आपल्या माणसांना ते खाते बंद आणि सूतकताईतली कमी पगाराची कामे खुली!

१९२८ च्या गिरणी संपात ही बंदी उठवण्याची मागणी घ्या, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच घेतली. तरीही बाबासाहेब कामगार लढ्यापासून दूर गेले नाहीत. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांसोबत एक दिवसाचा संपही केला.

राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लोकशाहीच उद्ध्वस्त करेल, असे त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावले. धोट्याची गोष्ट म्हणजे हीच विसंगती.

आज काय चित्र आहे? हाताने मैला साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी गटारात माणूस उतरवला जातो आणि तो बहुतेक वेळा आपलाच असतो. तेव्हा यंत्राला हात लावू दिला नाही, आज यंत्र हातात दिले जात नाही. मग नुसत्या मतपेटीला लोकशाही कसे म्हणायचे? मित्रांनो, युनियनमध्ये जा, पण पहिला प्रश्न हाच विचारा: यंत्र कुणाच्या हातात आहे?

जय भीम!