नेटिव्ह व मॅनेज्ड कोड

नेटिव्ह व मॅनेज्ड कोड : आज्ञावली प्रोसेसरच्या यंत्रभाषेत आधीच उतरवून ठेवलेली असेल तर ती नेटिव्ह, आणि मधल्या एखाद्या भाषेत ठेवून रनटाइम नामक व्यवस्थेच्या देखरेखीखाली चालविली जात असेल तर ती मॅनेज्ड, असा या संज्ञांचा रूढ अर्थ आहे. मॅनेज्ड हे विशेषण मायक्रोसॉफ्टने २००२ साली प्रसृत केलेल्या डॉटनेट प्रणालीबरोबर प्रचारात आले. जावा १९९५ पासून याच तत्त्वावर उभी होती, आणि या व्यवस्थेचा प्राण असलेली गार्बेज कलेक्शनची, म्हणजे वापरात नसलेली मेमरी आपोआप मोकळी करण्याची, युक्ती जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या सुमारास लिस्प भाषेसाठी योजली होती.

निवडीचा विचार बहुधा वेगापासून सुरू होतो. वास्तविक मेमरीचे दप्तर कोणाच्या ताब्यात द्यावयाचे, हे आधी ठरले पाहिजे. सी व सी++ या भाषांत तो जमाखर्च बव्हंशी प्रोग्रामरच्याच शिरावर असतो; घेतलेली जागा परत करण्यास तो विसरला तर गळती लागते, आणि परत केलेल्या जागेवर किंवा हद्दीपलीकडच्या जागेवर त्याने वहिवाट सांगितली तर आज्ञावली कोसळते, अथवा, त्याहून वाईट, परक्याला आत शिरण्यास वाट मिळते. आपण दरसाल दुरुस्त करतो त्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के याच जातीचे असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केले. दप्तर रनटाइमकडे सोपविले की हा धोका पुष्कळ अंशी टळतो. मात्र या कारकुनाचा मुशाहिरा द्यावाच लागतो: मेमरी अधिक लागते, आरंभी विलंब होतो, आणि गार्बेज कलेक्टर आपल्या सवडीने झाडलोट काढू लागला की कामात खंड पडतो.

डिस्कॉर्ड या संभाषण-मंचाच्या एका सेवेत हा खंड दर दोन मिनिटांनी जाणवे, म्हणून ती सेवा रस्ट भाषेत नव्याने लिहिल्याचे त्या कंपनीने २०२० मध्ये सांगितले. मौज अशी की मूळ सेवा ज्या गो भाषेत होती ती थेट यंत्रभाषेतच कंपाइल होते. उलट अँड्रॉइडने २०१४ मध्ये मॅनेज्ड आज्ञावल्या इन्स्टॉल होतानाच यंत्रभाषेत आणण्यास प्रारंभ केला. भाषांतर केव्हा करावे आणि हिशेब कोणी ठेवावा, हे दोन स्वतंत्र प्रश्न एकाच नावाखाली कोंबले गेल्याचा हा परिणाम होय.

व्यवहारात दोन्हींची सरमिसळच आढळते. चित्रप्रक्रियेसारखा जड भाग नेटिव्ह ठेवून उर्वरित डोलारा मॅनेज्ड भाषेत उभारतात, आणि जेएनआय (जावा नेटिव्ह इंटरफेस) सारख्या नाक्यावरून देवघेव करतात. प्रत्येक फेरीला जकात पडत असल्याने, चिमूटभर कामासाठी वारंवार सरहद्द ओलांडणारी रचना कित्येकदा निव्वळ मॅनेज्ड रचनेहूनही मंद ठरते.