गावाचे जोते

आमच्याकडे कोणी घर बांधायला काढले, की गवंडी पहिल्याच दिवशी विचारतो, "जोते किती घ्यायचे?" दोन फूट की तीन, एवढाच काय तो घोळ. समुद्राकाठचा जाणता माणूस एक पायरी जास्तच धरतो आणि पुढे नातवंडे त्याला दुवा देतात. पण एकट्यादुकट्याने नव्हे, सबंध शहराने मिळून आपले जोते उचलले, अशी गोष्ट वाचकांनी क्वचितच ऐकली असेल. ती घडली अमेरिकेत, टेक्सासच्या किनाऱ्यावर, गॅल्व्हस्टन नावाच्या गावी.

गॅल्व्हस्टन म्हणजे वाळूचे एक लांबट बेट. एका अंगाला मेक्सिकोचे आखात, दुसऱ्या अंगाला खाडी. १९०० साली तेथे सदतीस हजारांवर वस्ती होती आणि कापसाच्या व्यापारावर बंदर गबर झाले होते. (अमेरिकेच्या यादवी युद्धात जी दक्षिणेची बंदरे कोंडली गेली, त्यांत हेही होते. त्या कोंडीमुळेच आपल्या मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विकला गेला. तेव्हा हे गाव आपल्याला अगदीच परके नाही.) एवढ्या वैभवाच्या शहरात सर्वांत उंच जागा कोणती, तर समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेनऊ फुटांची!

धोक्याची घंटा वाजली नव्हती असे नाही. त्याच किनाऱ्यावरचे इंडियानोला नावाचे नांदते बंदर १८७५ च्या वादळात मोडले, पुन्हा उभे राहू लागले आणि १८८६ च्या वादळाने कायमचे ओस पडले. तेव्हा गॅल्व्हस्टनच्या व्यापाऱ्यांत भिंत बांधण्याची बोलणी झाली. दिवस सरले, बोलणी विरली. पुढे १८९१ साली तेथील हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लेखच लिहिला, की वादळाने या शहराचे मोठे नुकसान होईल ही खुळी समजूत आहे. किनाऱ्यालगतचा समुद्र उथळ असल्याने लाटा अलीकडेच फुटून जातील, असा त्यांचा हिशेब होता.

हिशेब नेमका उलटा होता. खोल समुद्रात वाऱ्याने रेटलेल्या पाण्याला खाली परतायला वाट असते. उथळ समुद्रात ती मिळत नाही. मग पाणी फुगते आणि जमिनीवर चढते. क्लाइन काही अडाणी नव्हते, कामचुकार तर मुळीच नव्हते. पण फळ्यावर आकृती काढली, की समुद्राने तिच्यात बसलेच पाहिजे, असे आम्हा मास्तर लोकांनाही वाटते, म्हणून मला त्यांच्याबद्दल राग येत नाही. आणि त्यांना त्या लेखाची जी किंमत मोजावी लागली, ती ऐकल्यावर कोणालाही येणार नाही.

८ सप्टेंबर १९००, शनिवार. दुपारपर्यंत आखात आणि खाडी दोन्हीकडून पाणी गावात शिरले. रात्री ते पंधरा फुटांवर गेले. म्हणजे सर्वांत उंच जागीही माणूसभर पाणी! त्यात वाऱ्याची तऱ्हा पाहा. १८८५ च्या मोठ्या आगीनंतर घरांवर लाकडी फळ्यांऐवजी पाटीच्या दगडाची कौले घालण्याचा नियम झाला होता. आगीवरचा तो उतारा त्या रात्री सुऱ्यांसारखा उडत सुटला आणि रस्त्यातल्या माणसांचा काळ ठरला. आपल्याकडे २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरुडकडच्या घरांवरचे पत्रे कसे भिरभिरत गेले, हे ज्यांनी पाहिले त्यांना अधिक सांगायला नको.

क्लाइन यांचे घर भक्कम म्हणून आसपासची पन्नासएक माणसे तेथे आसऱ्याला आली होती. लाटांनी ट्रामच्या रुळांचा एक सबंध सांगाडा उचलून त्या घरावर आदळला. घर कोलमडले. अठरा माणसे वाचली. क्लाइन यांच्या तीन मुली त्यांत होत्या, पत्नी नव्हती. समुद्राकाठच्या अनाथालयात दहा जोगिणींनी नव्वद मुलांना दोरीने आपल्या अंगाशी बांधून घेतले होते, की कोणी वाहून जाऊ नये. तीन मोठे मुलगे तेवढे वाचले. शहरात एकंदर किती गेले याची मोजदाद झालीच नाही. कमीत कमी सहा हजार, पुष्कळ जण आठ हजार धरतात.

सकाळी मात्र एक विचित्र गोष्ट दिसली. समुद्राकडच्या पहिल्या ओळींतल्या घरांचे वासे, तुळया, फर्निचर, सारे रेटत येऊन त्याचा एक लांबच लांब बांध झाला होता, कोठे कोठे दुमजली घराएवढा उंच. त्या बांधाने लाटा अडवल्या आणि त्याच्या मागची घरे उभी राहिली.

पुढे तीन इंजिनियरांची समिती नेमली गेली. तिच्यात सभाशास्त्रावरील ग्रंथामुळे प्रसिद्ध असलेले निवृत्त सेनाधिकारी हेन्री रॉबर्ट होते. समितीने सांगितले, भिंत बांधा. सतरा फूट उंच, पायाशी सोळा फूट रुंद, माथ्याशी पाच फूट, आणि समुद्राकडची बाजू आतून वळवलेली, म्हणजे आलेली लाट वर उसळून मागे पडेल. तीन मैलांवर लांबीचा पहिला टप्पा १९०४ च्या जुलैत पुरा झाला. पाहुण्यांना गाव दाखवायला नेतात ते या भिंतीवरच.

पण माझ्या मते खरे काम भिंतीमागे झाले. नुसत्या भिंतीने पाणी आत कोंडते आणि भिंतीचा पायाही उघडा पडतो. म्हणून सबंध जमीनच उंच करायची ठरली. भिंतीशी जास्त, खाडीकडे उतरती. पण जमीन उंच करायची, तर तिच्यावरची घरे आधी उचलायला हवीत! जॅक लावून, इशाऱ्यासरशी थोडे थोडे पिळत, दोन हजारांहून अधिक इमारती उचलल्या गेल्या. सेंट पॅट्रिकचे चर्च तीन हजार टनांचे; ते सातशे जॅकवर पाच फूट वर आले. मग गाळउपश्या बोटी शहरातूनच खणलेल्या कालव्याने येत आणि वाळूमिश्रित पाणी नळांनी घरांखाली सोडीत. पाणी निघून जाई, वाळू राही.

वाळूचा खर्च सरकारी, घर उचलण्याचा ज्याचा त्याचा. ज्यांच्या घराची आताच डागडुजी झाली होती, त्यांनी पुन्हा पदर खोचला. काहींनी घर न उचलता तळघर वाळूने भरून टाकले. ॲश्टन व्हिला नावाच्या वाड्याचे लोखंडी कुंपण असेच जमिनीत गेले आणि बुटके होऊन बसले. सात-आठ वर्षे लोक लाकडी फळ्यांच्या उंच पुलांवरून बाजारहाट करीत होते. खाली चिखल आणि त्याचा वास. बागा गाडल्या गेल्या, झाडे मेली. नंतर तेथल्या बायकांच्या मंडळाने हजारो झाडे पुन्हा लावली. त्यांत खाऱ्या वाऱ्याला दाद न देणारी आपली कण्हेरही होती. कण्हेरीचे गाव म्हणूनच आज ते ओळखले जाते.

ऑगस्ट १९१५ मध्ये तसलेच वादळ पुन्हा आले. आसपासच्या मुलखात शेकडो माणसे गेली, भिंतीमागच्या शहरात दहाच्या आसपास. भिंतीपुढची पुळण मात्र लाटांनी खाऊन टाकली. त्याची भरपाई अजून वाळू आणून करावी लागते.

सप्टेंबर २००८ मध्ये आइक वादळ आले तेव्हा समुद्र भिंतीशी झगडत बसला नाही. पाणी मागल्या दाराने, खाडीकडून शिरले. तिकडे जोते कमी होते. जुन्या पेठा बुडाल्या आणि बायकांच्या मंडळाच्या काळापासून वाढलेले ओक वृक्ष मुळांशी मीठ बसून हजारोंनी वाळले. काही घरमालकांना ती खोडे तोडवेनात. त्यांनी कारागीर बोलावून उभ्या खोडांतच पक्षी, मासे आणि देवदूत कोरून घेतले.