तळटीप १४ : कृत्रिम लेप
१४. कृत्रिम लेप : मानवी मूलपेशी ज्या प्लॅस्टिकच्या बशीत वाढवतात, तिच्या तळाला दिलेला, रासायनिक घडण पूर्णपणे ठाऊक असलेला थर. भ्रूणातून मिळालेल्या मूलपेशी नुसत्या प्लॅस्टिकवर नीट चिकटत नाहीत. योग्य आधार नसला तर त्या मरतात किंवा मूळ गुण हरवून दुसऱ्याच पेशी बनू लागतात. १९९८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी त्या प्रथम वाढवल्या, तेव्हा आधाराला उंदराच्या पेशींचा थर होता. पुढे वापरात आलेले मॅट्रिजेल हे उंदराच्या अर्बुदातून काढलेले प्रथिनांचे मिश्रण. त्याची घडण दर खेपेला थोडी बदलते. शिवाय अशा पेशी उपचारासाठी वापरायच्या तर प्राणिज अंश रुग्णाच्या शरीरात जाण्याचा धोका राहतो. कृत्रिम लेप या दोन्ही अडचणी टाळतो. त्याच्या एका प्रकारात ॲक्रिलेट या बहुवारिकावर व्हिट्रोनेक्टिन प्रथिनातील एका छोट्या भागाची प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिकृती बसवतात. पेशीच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन ही प्रथिने तिला धरून राहतात. २०१० मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी मांडलेल्या लेपात तर निव्वळ बहुवारिकच होते. अशा मूलपेशी महाराष्ट्रातही वाढवल्या गेल्या आहेत : मुंबईतील परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेत ‘किंड-१’ आणि ‘किंड-२’ हे मानवी भ्रूण-मूलपेशींचे वाण तयार झाले आहेत.