बारामती–इंदापूर सायकलमार्ग
पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांतून जाणारा मार्ग. नीरा डाव्या कालव्याच्या ओलिताखालील उसाच्या मळ्यांमधून काटेवाडी, भवानीनगर, बेलवाडी व निमगाव केतकी ही संत तुकाराममहाराजांच्या पालखीमार्गावरील गावे ओलांडीत तो मालोजीराजांच्या गढीमुळे इतिहासप्रसिद्ध असलेल्या कसबे इंदापुरास पोचतो, आणि तेथून उजनी जलाशयाच्या काठाने पळसदेव, भिगवणकडे वळून बारामतीस परततो. येथे घाट नाहीत. परंतु चैत्रातील प्रखर ऊन, समोरून येणारा वारा व सावलीचा अभाव यांमुळे हा सपाट रस्ताही, आमच्या मते, चढणीइतकाच कस पाहतो. रोहित पक्षी पाहण्यास हिवाळ्यात निघावे. जलाशयात बुडालेले पळसदेवाचे प्राचीन देवालय मात्र उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावरच उघडे पडते.