निजामाच्या नात्यातला युद्धकैदी

धाराशिव जिल्ह्यात १९४०च्या दशकाचा विषय निघाला की गोष्ट हमखास रझाकारांवर येते आणि नळदुर्गला संपते. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली, बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला, आणि नळदुर्गला तिच्यासमोर उभी होती निजामाची फर्स्ट हैदराबाद इन्फन्ट्री. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत हे मी शाळेपासून ऐकतोय. याच नावाची पलटण सात वर्षांपूर्वी, डिसेंबर १९४१मध्ये, मलायातल्या कोटा भारूचा विमानतळ जपान्यांपासून राखायला उभी होती, हे त्या भाषणांत कधी येत नाही. निजामाच्या राज्यातली माणसं त्या युद्धात कुठे कुठे गेली, हे शोधताना मला कॅप्टन मतीन अहमद अन्सारी सापडले.

पण त्यांच्याआधी थोडं पळून जाण्याविषयी. ‘द ग्रेट एस्केप’ तुम्ही पाहिला असेल. घटना खरी आहे. मार्च १९४४मध्ये जर्मन छावणीतून बोगद्याने ७६ कैदी बाहेर पडले, त्यातले तिघेच सुटले, आणि पकडलेल्यांपैकी ५० जणांना गोळ्या घातल्या. सिनेमा निघाला, त्यामुळे ते ५० जण जगाच्या लक्षात राहिले. पूर्वेकडे जपान्यांच्या ताब्यातही कैदी होते. तिथे ऑगस्ट १९४२मध्ये हाँगकाँगच्या नॉर्थ पॉइंट छावणीतून विनिपेग ग्रेनेडियर्सचे चार कॅनडियन सैनिक पळाले, सापडले आणि चौघेही मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच, २ सप्टेंबरला, सिंगापूरला पळून सापडलेल्या आणखी चौघांना समुद्रकिनाऱ्यावर गोळ्या घातल्या. बंदुका ज्यांच्या हातात होत्या ते पहारेकरी आझाद हिंद सेनेकडे गेलेले हिंदी सैनिक होते. हे वाचून मी बराच वेळ फोन बाजूला ठेवला होता. आपल्याकडे आझाद हिंद सेनेची गोष्ट सांगताना हा किनारा कुणी दाखवत नाही.

हिंदी कैद्यांपुढचा पेचच वेगळा होता. गोऱ्या कैद्याला छावणीतून बाहेर पडायला कुंपण ओलांडावं लागे. हिंदी कैद्याला नुसतं ‘हो’ म्हणणं पुरेसं होतं. जपान्यांनी त्यांना मुद्दाम वेगळ्या छावण्यांत ठेवलं आणि बाजू बदलायला सांगितलं. ज्यांनी ती बदलली ते सगळे भित्रे नव्हते. अनेकांना खरोखर इंग्रज नको होते, आणि ते नको असायला कारणं भरपूर होती.

अन्सारी हैदराबादचे. पाचव्या बटालियनचे, सातव्या राजपूत रेजिमेंटचे अधिकारी. १९४१च्या नाताळच्या दिवशी हाँगकाँग पडलं आणि ते कैदी झाले. सुरुवातीला त्यांना बरं वागवलं. मग जपान्यांना कळलं, की हा माणूस हिंदुस्थानातल्या एका मोठ्या संस्थानाच्या राजाचा जवळचा नातेवाईक आहे. म्हणजे आपल्याच निजामाचा, मीर उस्मान अली खानांचा, ज्यांच्या नावावरून आमच्या जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत. असा माणूस आपल्या बाजूला आला तर बाकीचे आपोआप येतील, हा जपान्यांचा हिशेब. त्यांनी सांगितलं, ब्रिटिशांची निष्ठा सोड आणि तुझ्या जवानांनाही फितव. अन्सारींनी नकार दिला.

मे १९४२मध्ये त्यांना स्टॅन्लीच्या तुरुंगात टाकलं. उपासमार, मारहाण. काही महिन्यांनी माटाउचुंगच्या हिंदी छावणीत परत आणलं, पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा नकार, पुन्हा स्टॅन्ली, या वेळी पाच महिने. त्यानंतर परत छावणीत. इथे मला थांबावंसं वाटतं. दोनदा असं मोडून आणलेल्या माणसाने गप्प बसून युद्ध संपायची वाट पाहिली असती, तर कुणी बोट दाखवलं नसतं. अन्सारी छावणीत परतले आणि इतर कैद्यांच्या पलायनाची जुळवाजुळव करू लागले.

त्या काळात हाँगकाँगमधून निसटणाऱ्यांना चीनमध्ये आसरा देणारी एक संघटना होती, ब्रिटिश आर्मी एड ग्रुप. ती उभी करणारे लिंडसे राइड हाँगकाँग विद्यापीठात शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते आणि जानेवारी १९४२मध्ये स्वतःच छावणीतून निसटले होते. त्यांची माणसं निरोप आत-बाहेर करत, औषधं पोचवत. त्यात चिनी होते, हिंदी होते. १९४३मध्ये धरपकड झाली. ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश, चिनी आणि हिंदी मिळून तीसहून जास्त लोकांना स्टॅन्लीला मृत्युदंड दिला. अन्सारी त्यांत होते. त्यांचा शिरच्छेद झाला.

१८ एप्रिल १९४६ला त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. तारीख पाहा. लाल किल्ल्यावरचा आझाद हिंद सेनेचा पहिला खटला तीन-चार महिन्यांपूर्वी संपलेला, मुंबईत नौदलाचं बंड फेब्रुवारीत होऊन गेलेलं. ब्रिटिश राजाशी निष्ठा राखून मेलेल्या माणसाचं कौतुक करण्याच्या मनःस्थितीत देश नव्हता, आणि मी तेव्हा असतो तर मीही नसतो. पुढे दोनच वर्षांत निजाम हा शब्दच आमच्याकडे शिवीसारखा झाला. म्हणजे अन्सारींची आठवण ठेवायला कुणीच मोकळं नव्हतं.

मला त्यांच्या मानपत्रातल्या निष्ठेपेक्षा पलायनाचा उल्लेख जास्त महत्त्वाचा वाटतो. निष्ठा लंडनच्या राजाशी असेल. पण रात्री ज्यांना कुंपणाबाहेर काढायचं होतं ती माणसं शेजारच्या अंथरुणावरची होती.

२०२३मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं, पाट्या बदलल्या, जुन्या कागदांवर अजून उस्मानाबाद आहे. अन्सारी हाँगकाँगच्या स्टॅन्ली लष्करी स्मशानभूमीत आहेत, समुद्राजवळ, त्यांच्यासोबत मारल्या गेलेल्यांच्या शेजारी.